गिटमधील विदा-अखंडतेच्या सेटिंग्ज

गिट या आवृत्ती नियंत्रण प्रणालीत साठवलेली विदा डिस्कवर केव्हा पक्की होते, दुसऱ्या संगणकाकडून आलेल्या विदेची तपासणी किती काटेकोरपणे केली जाते आणि टाकून दिलेला इतिहास किती काळ राखला जातो, हे ठरवणाऱ्या सेटिंग्जना विदा-अखंडतेच्या सेटिंग्ज असे म्हणता येईल. विदा म्हणजे डेटा. तो जसा साठवला तसाच, काही न गळता आणि न बदलता परत मिळणे म्हणजे विदेची अखंडता होय. वापरकर्त्याने बदल न केल्यास या सेटिंग्ज गिटच्या निर्मात्यांनी ठरवलेल्या पूर्वनिर्धारित मूल्यांवर चालतात. त्या मूल्यांमुळे कोणते संरक्षण मिळते आणि कोणते मिळत नाही, हे जाणून घेण्याचे मुख्य साधन म्हणजे प्रणालीचे दस्तऐवजीकरण. डिस्कवरील लेखनाशी संबंधित एका सेटिंगचे वर्णन २००८ पासून २०२२ पर्यंत कसे बदलत गेले, हा या दृष्टीने बोधप्रद इतिहास आहे.

या लेखात सेटिंग्जची आणि आज्ञांची नावे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. संगणकावर ती रोमन लिपीतच लिहावी लागतात.

पार्श्वभूमी

गिटची निर्मिती लिनस टॉरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये लिनक्स कर्नेलच्या विकासासाठी केली. त्याच वर्षी प्रकल्पाची देखभाल जुनिओ हामानो यांच्याकडे आली. गिटमध्ये प्रत्येक फाइलचा मजकूर, प्रत्येक फोल्डरची रचना आणि प्रत्येक कमिट, म्हणजे बदलाची नोंद, स्वतंत्र ऑब्जेक्ट म्हणून साठवली जाते. ऑब्जेक्टचे नाव त्याच्या मजकुरावरूनच गणिताने काढले जाते. या नावाला हॅश म्हणतात. मूळ रचनेत त्यासाठी एसएचए-१ ही पद्धत वापरलेली असून तिचा हॅश १६० बिटांचा, म्हणजे ४० षोडशमान अंकांचा असतो.

मजकुरातील एक अक्षर बदलले तरी हॅश पूर्णपणे बदलतो. प्रत्येक कमिटमध्ये तिच्या आधीच्या कमिटचा हॅश नोंदवलेला असतो. त्यामुळे इतिहासात मागे कोठेही फेरफार झाल्यास पुढील सर्व कमिटांची नावे बदलतात आणि फेरफार लपून राहत नाही. या वैशिष्ट्यामुळे गिटमध्ये ठेवलेली विदा आपोआप सुरक्षित असते, असा समज रूढ झाला. तो अंशतःच खरा आहे.

ओळख, टिकाव आणि पुनर्प्राप्ती

विदेच्या अखंडतेविषयी बोलताना तीन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले जाण्याचा संभव असतो.

पहिला प्रश्न ओळखीचा आहे: विदा बिघडली असल्यास ते कळते का? गिटचे हॅश याचे उत्तर देतात. गिट एफएससीके ही आज्ञा भांडारातील सर्व ऑब्जेक्ट वाचून त्यांचे हॅश पुन्हा काढते, ते नावांशी जुळतात का हे पाहते आणि एखादा आवश्यक ऑब्जेक्ट गहाळ असल्यास तसे कळवते.

दुसरा प्रश्न टिकावाचा आहे: आज्ञा यशस्वी झाल्याचे सांगितले गेल्यानंतर त्याच क्षणी वीज गेली, तर लिहिलेली विदा डिस्कवर असेल का? याचे उत्तर हॅशमध्ये नसून संचालन प्रणाली, फाइल-प्रणाली आणि डिस्क यांच्या वर्तनात असते.

तिसरा प्रश्न पुनर्प्राप्तीचा आहे: बिघडलेली विदा परत मिळते का? हॅश मजकुराची खात्री पटवतो, परंतु हॅशवरून मजकूर पुन्हा तयार करता येत नाही. नष्ट झालेला ऑब्जेक्ट परत मिळवण्यासाठी त्याची दुसरी प्रत कोठेतरी असावीच लागते.

गिट पहिल्या प्रश्नाचे समाधान मूलभूत रचनेतूनच करते. उरलेल्या दोन प्रश्नांची उत्तरे मात्र बऱ्याच अंशी सेटिंग्जवर आणि वापरकर्त्याच्या व्यवस्थेवर अवलंबून असतात.

डिस्कवर विदा पक्की करणे

एखादी आज्ञावली फाइल लिहिते तेव्हा मजकूर लगेच डिस्कवर जात नाही. संचालन प्रणाली तो प्रथम मुख्य स्मृतीत ठेवते आणि काही सेकंदांनी सवडीने डिस्ककडे पाठवते. डिस्कची स्वतःचीही तात्पुरती स्मृती असते. या दोन टप्प्यांच्या दरम्यान वीज खंडित झाल्यास मजकूर हरवतो. हे टाळण्यासाठी आज्ञावली एफसिंक नावाची विनंती करू शकते. विनंती पूर्ण होईपर्यंत आज्ञावलीला थांबावे लागते, म्हणून ती वारंवार केल्यास काम मंदावते. लिनक्सवर फाइलसाठी केलेल्या एफसिंकमुळे त्या फाइलची फोल्डरमधील नोंदही पक्की होईलच, असे नाही. त्यासाठी फोल्डरवर वेगळी विनंती करावी लागते.

अनेक ऑब्जेक्ट एकत्र बांधलेल्या पॅक फाइलींसाठी गिट पूर्वीपासून एफसिंक करत असे. रोजच्या कामात तयार होणाऱ्या सुट्या ऑब्जेक्टांसाठी मात्र ते होत नसे. २००८ मध्ये त्यासाठी कोअर.एफसिंकऑब्जेक्टफाइल्स ही सेटिंग देण्यात आली. तिचे पूर्वनिर्धारित मूल्य 'बंद' असे होते.

जुने वर्णन आणि त्यातील गृहीतक

या सेटिंगच्या मूळ वर्णनाचा आशय असा होता, की लेखनाचा क्रम नीट पाळणाऱ्या फाइल-प्रणालीवर ती चालू करणे म्हणजे वेळेचा आणि श्रमाचा निव्वळ अपव्यय होय. फेरबदलांची पूर्वनोंद न ठेवणाऱ्या जुन्या युनिक्स फाइल-प्रणालींवर ती उपयोगी पडू शकेल, असे त्यात म्हटले होते. केवळ फाइलविषयक माहितीची पूर्वनोंद ठेवणाऱ्या, मजकुराची न ठेवणाऱ्या प्रणालींचाही त्यात समावेश होता. उदाहरणादाखल मॅकवरील एचएफएस प्लस आणि विशिष्ट पद्धतीने वापरलेली लिनक्सवरील ईएक्सटी३ यांची नावे दिली होती.

या वर्णनात तीन उणिवा होत्या. पहिली म्हणजे वीज गेल्यास नेमके काय गमवावे लागेल, हे त्यात सांगितलेले नव्हते. दुसरी म्हणजे आपली फाइल-प्रणाली लेखनाचा क्रम 'नीट' पाळते की नाही, हे ठरवण्याचे काम वाचकावर सोपवले होते. सर्वसामान्य वापरकर्त्याला हे ठाऊक असण्याचा संभव कमी असतो. तिसरी म्हणजे मजकुराचा सूर सेटिंग चालू करू पाहणाऱ्याला परावृत्त करणारा होता.

शिवाय ज्या परिस्थितीवर हे वर्णन आधारलेले होते, ती लवकरच बदलली. त्या काळी लिनक्सवर प्रचलित असलेली ईएक्सटी३ तिच्या नेहमीच्या पद्धतीत फाइलचा मजकूर आधी आणि फाइलविषयक माहिती नंतर डिस्कवर नेत असे. डिसेंबर २००८ मध्ये ईएक्सटी४ ही फाइल-प्रणाली लिनक्स कर्नेलमध्ये स्थिर म्हणून स्वीकारली गेली. तिच्यात वेग वाढवण्यासाठी डिस्कवरील जागा उशिरा वाटून देण्याची पद्धत होती. त्यामुळे २००९ मध्ये संगणक अचानक बंद पडल्यावर नुकत्याच लिहिलेल्या फाइली शून्य लांबीच्या झाल्याच्या तक्रारी आल्या. पुढे ईएक्सटी४ मध्ये नेहमीच्या काही प्रसंगांसाठी उपाय योजले गेले, तरी एफसिंक न करता विदा टिकेल असे गृहीत धरता येत नाही, ही बाब त्यातून स्पष्ट झाली. गिटच्या दस्तऐवजीकरणातील मजकूर मात्र दीर्घकाळ तसाच राहिला.

बदलाचे प्रयत्न

जानेवारी २०१८ मध्ये लिनक्समधील फाइल-प्रणालींवर काम करणारे क्रिस्टोफ हेलविग यांनी ही सेटिंग सर्वांसाठी चालू ठेवावी, असा प्रस्ताव मांडला. आधुनिक फाइल-प्रणालींवर एफसिंक केल्याशिवाय विदेची शाश्वती देता येत नाही, असा त्यामागील विचार होता. वेग मंदावण्याच्या चिंतेमुळे पूर्वनिर्धारित मूल्य लगेच बदलले नाही. २०२० मध्ये वर्णनातील उपहासाचा सूर काढून तेथे खरी माहिती द्यावी, असाही प्रस्ताव पुढे आला. विंडोजसाठीच्या गिट वितरणात मात्र ही सेटिंग आधीपासूनच चालू ठेवलेली होती. एकाच सेटिंगचे प्रत्यक्ष मूल्य संचालन प्रणालीनुसार वेगळे असू शकते, याचे हे उदाहरण होय.

२०२२ मधील नवी रचना

१८ एप्रिल २०२२ रोजी प्रसिद्ध झालेल्या गिट २.३६ या आवृत्तीत जुनी सेटिंग कालबाह्य ठरवून तिच्या जागी कोअर.एफसिंक आणि कोअर.एफसिंकमेथड या दोन सेटिंग्ज आणल्या गेल्या. पहिली सेटिंग काय पक्के करायचे हे ठरवते, तर दुसरी ते कसे करायचे हे ठरवते.

कोअर.एफसिंकमध्ये सुटे ऑब्जेक्ट, पॅक फाइली, त्यांच्या अनुक्रमणिका, कमिट-आलेख, इंडेक्स आणि शाखांची टोके दाखवणारे संदर्भ असे घटक वेगवेगळे निवडता येतात. प्रत्येक घटक आठवून लिहावा लागू नये म्हणून समूहवाचक मूल्येही आहेत. 'कमिटेड' या मूल्याने कमिट केलेले काम पक्के होते. 'ॲडेड' या मूल्याने कमिटपूर्वी इंडेक्समध्ये घातलेले कामही पक्के होते. 'ऑल' या मूल्याने सर्व घटक पक्के होतात. घटकाच्या नावामागे उणे चिन्ह लावल्यास तो वगळला जातो.

नेहमीचे पूर्वनिर्धारित मूल्य 'कमिटेड, उणे लूज-ऑब्जेक्ट' असे आहे. म्हणजे सुटे ऑब्जेक्ट पूर्वीप्रमाणेच पक्के केले जात नाहीत. वर्तनात मोठा बदल झालेला नसला, तरी वर्णन बदलले आहे. या मूल्याने वेग चांगला राहतो, परंतु संगणक अव्यवस्थितपणे बंद पडल्यास अलीकडचे काम गमावण्याचा धोका असतो, असे दस्तऐवजीकरणात आता स्पष्ट म्हटलेले आहे. हा धोका पत्करायचा की नाही, हे वाचकाला त्यामुळे ठरवता येते.

कोअर.एफसिंकमेथडच्या 'एफसिंक' या मूल्यात प्रत्येक फाइल पूर्णपणे पक्की केली जाते. 'राइटआउट-ओन्ली' या मूल्यात संचालन प्रणालीच्या स्मृतीतील मजकूर डिस्ककडे पाठवला जातो, पण डिस्कने तो आपल्या तात्पुरत्या स्मृतीतून पक्का केल्याची खात्री केली जात नाही. मॅकओएसवर हीच पूर्वनिर्धारित पद्धत आहे. 'बॅच' या मूल्यात अनेक फाइली आधी डिस्ककडे पाठवून शेवटी एकदाच पूर्ण विनंती केली जाते. प्रत्येक फाइलसाठी स्वतंत्रपणे थांबण्याचा वेळ त्यामुळे वाचतो.

आलेल्या विदेची तपासणी

दुसऱ्या भांडाराकडून ऑब्जेक्ट येतात तेव्हा गिट त्यांचे हॅश स्वतः काढते. वाटेत बिघडलेला मजकूर त्यामुळे उघडकीस येतो. परंतु पाठवणाऱ्यानेच सदोष बांधणीचा ऑब्जेक्ट तयार केला असेल, तर त्याचा हॅश बरोबरच असतो. अशा ऑब्जेक्टांची अंतर्गत बांधणी तपासण्यासाठी ट्रान्सफर.एफएससीकेऑब्जेक्ट्स ही सेटिंग आहे. ती पूर्वनिर्धारित अवस्थेत बंद असते. विदा पाठवून घेण्यासाठी रिसिव्ह.एफएससीकेऑब्जेक्ट्स आणि विदा ओढून घेण्यासाठी फेच.एफएससीकेऑब्जेक्ट्स अशा स्वतंत्र सेटिंग्जही उपलब्ध आहेत.

सर्व्हरवर या तपासणीला सुरक्षेच्या दृष्टीने महत्त्व आहे. मे २०१८ मध्ये उपभांडारांच्या नावांतून हल्ला करता येण्याजोगी एक त्रुटी दुरुस्त झाली. तेव्हा अशी घातक नावे ओळखण्याची सोय या तपासणीत समाविष्ट करण्यात आली. तपासणी चालू असलेला सर्व्हर असा मजकूर स्वीकारत नाही, त्यामुळे जुनी आवृत्ती वापरणाऱ्यांपर्यंत तो पोहोचण्यास अटकाव होतो.

दोन्ही दिशांचे संरक्षण समान नाही. सर्व्हरकडे पाठवलेली विदा तपासणी पूर्ण होईपर्यंत विलग ठेवली जाते आणि नापास झाल्यास टाकून दिली जाते. ओढून घेतलेल्या विदेबाबत अशी विलगीकरणाची सोय नसल्यामुळे नाकारलेले ऑब्जेक्ट कोणत्याही शाखेशी न जोडलेल्या स्थितीत भांडारात राहू शकतात. दस्तऐवजीकरणात ही मर्यादा नमूद केलेली आहे.

जुन्या प्रकल्पांच्या इतिहासात पूर्वीच्या साधनांनी तयार केलेल्या सदोष कमिटी असू शकतात. तपासणी चालू केल्यास असे भांडार नाकारले जाते. त्यासाठी ठरावीक प्रकारच्या दोषांकडे केवळ सूचना म्हणून पाहण्याची किंवा ज्ञात ऑब्जेक्टांची यादी देऊन ते वगळण्याची मुभा आहे.

इतिहास पुसला जाण्यापासून संरक्षण

विदा केवळ डिस्कच्या बिघाडाने नष्ट होत नाही. चुकीच्या आज्ञेनेही ती नाहीशी होते. सामायिक भांडारात रिसिव्ह.डिनायनॉनफास्टफॉरवर्ड्स ही सेटिंग चालू केल्यास शाखेचा प्रसिद्ध झालेला इतिहास बदलून टाकणारे लेखन नाकारले जाते. रिसिव्ह.डिनायडिलीट्स ही सेटिंग संदर्भ पुसून टाकण्यास मनाई करते.

वैयक्तिक भांडारात रिफलॉग ही नोंदवही मदतीला येते. शाखेचे टोक कोठून कोठे हलले, हे तिच्यात लिहिले जाते. या नोंदी सामान्यतः ९० दिवस ठेवल्या जातात. शाखेच्या सध्याच्या टोकापासून पोहोचता न येणाऱ्या कमिटांच्या नोंदी ३० दिवस राहतात. कोणत्याही संदर्भाने न धरलेले सुटे ऑब्जेक्ट साफसफाईच्या वेळी पुसण्यापूर्वी दोन आठवड्यांची मुदत दिली जाते. कार्यफोल्डर नसलेल्या भांडारात, म्हणजे सर्व्हरवर सामान्यतः असतात तशा भांडारात, रिफलॉग पूर्वनिर्धारित अवस्थेत ठेवला जात नाही. आपल्या संगणकावर चुकलेले काम परत मिळवण्याचा अनुभव असलेल्या व्यक्तीने सर्व्हरवरही तसेच होईल असे धरून चालणे म्हणून धोक्याचे ठरते.

केडीई प्रकल्पातील प्रसंग

२२ मार्च २०१३ रोजी केडीई या मुक्त स्रोत प्रकल्पाचा गिट सर्व्हर सुरक्षाविषयक अद्ययावतीकरणासाठी बंद करून पुन्हा सुरू केला असता त्याची फाइल-प्रणाली बिघडल्याचे आढळले. प्रकल्पाची सुमारे १५०० भांडारे त्यावर होती. जगभरातील आरसा-सर्व्हर मूळ सर्व्हरची हुबेहूब नक्कल करत असल्यामुळे बिघाड त्यांच्यापर्यंतही पोहोचला आणि तेथील भांडारेही नष्ट झाली. एका सर्व्हरवरील प्रत सुदैवाने बचावली आणि तिच्यावरून भांडारे पुन्हा उभी करता आली.

मूळ भांडारातील प्रत्येक बदल, पुसणेसुद्धा, तत्काळ उचलणारी नक्कल म्हणजे राखीव प्रत नव्हे, हे या प्रसंगातून दिसून आले. राखीव प्रत ठरावीक काळाने वेगळी जपावी लागते आणि ती जपण्यापूर्वी तपासावी लागते. अशीच आणखी एक बाब एकाच संगणकावर केलेल्या क्लोनची आहे. मूळ आणि प्रत एकाच फाइल-प्रणालीवर असल्यास गिट जागा वाचवण्यासाठी ऑब्जेक्टांच्या फाइली नव्याने न लिहिता त्याच फाइलींना दुसरे नाव देते. भांडारे दोन दिसली तरी डिस्कवर मजकूर एकच असतो, आणि तो बिघडल्यास दोन्ही बिघडतात. क्लोन करताना नो-हार्डलिंक्स हा पर्याय दिल्यास खरी वेगळी प्रत तयार होते.

हॅशची मजबुती

२३ फेब्रुवारी २०१७ रोजी ॲम्स्टरडॅम येथील सीडब्ल्यूआय ही संशोधन संस्था आणि गूगल यांच्या संशोधकांनी एकच एसएचए-१ हॅश असलेल्या दोन वेगळ्या पीडीएफ फाइली प्रसिद्ध केल्या. त्यानंतर मे २०१७ मधील गिट २.१३ पासून अशा प्रकारचा हल्ला ओळखणारी एसएचए-१ची सुधारित अंमलबजावणी पूर्वनिर्धारित झाली. ऑक्टोबर २०२० मधील गिट २.२९ मध्ये एसएचए-२५६ वर आधारित भांडारांची प्रायोगिक सोय आली. ही निवड भांडार तयार करतानाच करावयाची असते.

इतर प्रणाली

अखंडतेची तपासणी आणि तिचा वेगावर होणारा परिणाम यांचा समतोल इतर आवृत्ती नियंत्रण प्रणालींनाही साधावा लागतो. मर्क्युरिअलमध्ये एचजी व्हेरिफाय ही तपासणीची आज्ञा आहे. आलेले बदलसंच परिपूर्ण आहेत का हे पाहणारी सर्व्हर.व्हॅलिडेट ही सेटिंग तेथेही पूर्वनिर्धारित अवस्थेत बंद असते. सबव्हर्जनमध्ये एसव्हीएनॲडमिन व्हेरिफाय ही आज्ञा भांडार तपासते. वर उल्लेखिलेल्या दोन पीडीएफ फाइली २०१७ मध्ये वेबकिट प्रकल्पाच्या सबव्हर्जन भांडारात घातल्या गेल्यावर ते बंद पडले होते. फॉसिल ही प्रणाली आपली विदा एसक्यूलाइट या विदागारात ठेवते. तिच्यातील रेपो-सीकेसम ही सेटिंग सर्व फाइलींची पडताळणी पुन्हा एकदा करते. ती पूर्वनिर्धारित अवस्थेत चालू असून, भांडार फार मोठे असल्यास वेगासाठी ती बंद करता येते, असे तिच्या वर्णनातच सांगितलेले आहे.

दस्तऐवजीकरणाचे स्वरूप

गिटचे दस्तऐवजीकरण मूळ संकेतासोबत त्याच भांडारात ठेवले जाते आणि त्यातील बदलांचेही संकेताप्रमाणेच परीक्षण होते. वरील उदाहरणांवरून अखंडतेच्या सेटिंगच्या वर्णनात पुढील गोष्टी असणे उपयुक्त ठरते, असे दिसते:

* धोका: वीज जाणे, डिस्क बिघडणे, सदोष विदा येणे किंवा चुकीची आज्ञा दिली जाणे, यांपैकी सेटिंग कशापासून वाचवते.
* पूर्वनिर्धारित मूल्य: ते काय आहे आणि कोणत्या संचालन प्रणालीवर वेगळे आहे.
* किंमत: सेटिंग चालू केल्यास कोणते काम मंदावते आणि बंद ठेवल्यास काय गमावले जाऊ शकते.
* मर्यादा: सेटिंग चालू असूनही कोणते संरक्षण मिळत नाही.
* आधार: वर्णन कोणत्या फाइल-प्रणालीच्या किंवा यंत्रणेच्या वर्तनावर अवलंबून आहे. ते वर्तन बदलल्यास मजकूर कोठे सुधारायचा, हे त्यामुळे कळते.
* पडताळणी: सेटिंग लागू झाली आहे का, हे पाहण्याची रीत. गिट कॉन्फिग या आज्ञेला शो-ओरिजिन हा पर्याय दिल्यास नोंदवलेले मूल्य कोणत्या फाइलमधून आले, हे दिसते.

सेटिंग चालू करावी की नाही, याचे एकच उत्तर सर्वांना लागू पडत नाही. ज्याच्या कामाची प्रत दिवसातून अनेकदा दुसऱ्या सर्व्हरवर जाते, त्याचे वीज गेल्यास शेवटच्या काही मिनिटांचेच नुकसान होईल. ज्याचे भांडार एकाच संगणकावर आहे, त्याला तेवढेही परवडणार नाही. ही निवड ज्याची त्याला करता यावी, यासाठी धोक्याचे स्पष्ट वर्णन आवश्यक असते.

हेही पहा

* आवृत्ती नियंत्रण
* गिट
* फाइल-प्रणाली
* मुक्त स्रोत सॉफ्टवेअर